काळ्या काचेची जागा : दुर्बिणीतून सूर्य पाहण्याचा इतिहास

दुर्बीण हे अंधुक वस्तूंसाठी घडलेले यंत्र आहे. दूरच्या ताऱ्याचा क्षीण प्रकाश मोठ्या भिंगावर झेलून तो डोळ्याच्या लहानशा बाहुलीत उतरवणे हे तिचे मुख्य काम होय, आणि सूर्याकडे रोखल्यावर तिचा हाच गुण दृष्टिघातक ठरतो. भर उन्हात माणसाची बाहुली आकुंचन पावून सुमारे २ मिलिमीटर उरते, तर वस्तुभिंग, म्हणजे नळीच्या तोंडाशी आकाशाकडे बसवलेले भिंग, विद्यार्थ्यांच्या साध्या दुर्बिणीत ५० मिलिमीटरचे असले तरी क्षेत्रफळाच्या हिशेबाने बाहुलीच्या ६२५ पट प्रकाश आणि उष्णता गोळा करते. डोळ्याच्या मागच्या बाजूस असलेल्या दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाहीत, त्यामुळे इजा होत असताना पाहणाऱ्याला सावध करणारे काहीच घडत नाही आणि नुकसान पुष्कळदा काही तासांनी लक्षात येते. म्हणून सूर्यवेधाच्या साऱ्या इतिहासात एक व्यावहारिक प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिलेला दिसतो : नको असलेला प्रकाश वाटेत नेमका कोठे अडवायचा? सुमारे चार शतकांत या प्रश्नाचे उत्तर डोळ्यापाशी धरलेल्या काचेपासून सरकत दुर्बिणीच्या तोंडाशी येऊन ठेपले, आणि या वाटचालीत केवळ डोळे वाचले असे नाही, तर भौतिकशास्त्रातील काही मोठे शोधही तिच्यातूनच हाती आले.

दुर्बिणीच्या आधीही ग्रहण पाहण्यासाठी रंगीत काच वापरावी, असा सल्ला जर्मन गणिती पेत्रुस आपिआनुस याच्या १५४० मधील ग्रंथात मिळतो. दुर्बीण हाती आल्यावर पहिल्या निरीक्षकांनी मात्र काचेपेक्षा निसर्गावर भिस्त ठेवली. इंग्लंडमधील टॉमस हॅरियट याने डिसेंबर १६१० मध्ये सूर्यावरील डागांची जी नोंद केली ती दुर्बिणीतून केलेली सर्वांत जुनी ज्ञात नोंद मानली जाते. तो सूर्य क्षितिजाजवळ असताना किंवा धुक्याच्या पडद्याआडून पाहत असे, आणि एकदा आकाश निरभ्र असताना पाहिल्यावर तासभर दृष्टी अंधुक राहिल्याचेही त्याने लिहून ठेवले आहे. उत्तर जर्मनीतील डेव्हिड आणि योहानेस फाब्रिसिउस या पितापुत्रांनीही आरंभी दुर्बीण थेट सूर्याकडे लावली. प्रथम बिंबाची कडच दृष्टीत घ्यावी आणि डोळा सरावल्यावर मध्याकडे जावे, अशी त्यांची रीत होती, आणि ती किती घातक होती हे त्यांना डोळ्यांच्या त्रासातूनच कळले. त्यानंतर त्यांनी अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून येणाऱ्या सूर्यबिंबाचा आधार घेतला. योहानेसने १६११ मध्ये विटेनबर्ग येथे प्रसिद्ध केलेली पुस्तिका ही सौरडागांविषयी छापलेली पहिली कृती होय.

प्रश्नाचे पहिले समाधानकारक उत्तर काचेतून मिळाले नाही, ते कागदावर मिळाले. गॅलिलिओचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली याने दुर्बिणीच्या नेत्रिकेमागे, म्हणजे डोळा लावण्याच्या भिंगामागे, काही अंतरावर पांढरा कागद धरून त्यावर सूर्याचे मोठे बिंब पाडण्याची युक्ती सुचवली. या रीतीला प्रक्षेपण म्हणतात. कागदावर आधीच वर्तुळ काढून बिंब त्यात नेमके बसवले की डागांच्या जागा पेनाने थेट गिरवता येतात. १६१२ च्या उन्हाळ्यात गॅलिलिओने याच पद्धतीने दिवसामागून दिवस काढलेली चित्रे पुढच्या वर्षी रोममध्ये प्रसिद्ध झाली, आणि डाग बिंबाबरोबर सरकतात, कडेजवळ अरुंद होतात, म्हणजे ते सूर्याच्या पृष्ठभागावरच आहेत, हे त्या चित्रांवरून ठरले. त्याचा प्रतिस्पर्धी ख्रिस्तोफ शायनर हा इंगोलश्टाट येथील जेझुइट अध्यापक सुरुवातीला गडद रंगाच्या काचा दुर्बिणीला लावून पाहत असे, परंतु पुढे त्यानेही प्रक्षेपणाचा स्वीकार करून त्याला यंत्राचे रूप दिले. पृथ्वीच्या अक्षाला समांतर अशा दांड्यावर दुर्बीण आणि पडदा एकत्र बसवल्यामुळे सूर्यामागे फिरताना चित्राची दिशा बिघडत नसे. या यंत्रावरची त्याची निरीक्षणे १६३० मध्ये पूर्ण छापून झालेल्या ‘रोझा उर्सिना’ या ग्रंथात आहेत. गॅलिलिओला सूर्य पाहूनच अंधत्व आले ही समजूत आजही मराठी पाठ्यसाहित्यात आणि व्याख्यानांत ऐकू येते. परंतु त्याची दृष्टी १६३७-३८ च्या सुमारास, म्हणजे सौरडागांच्या कामानंतर पंचवीस वर्षांनी गेली आणि तिचे कारण नेत्रविकारात शोधले जाते. धोका खरा असताना त्याच्या समर्थनार्थ चुकीचे उदाहरण देणे योग्य नव्हे.

प्रक्षेपणाने सतराव्या शतकात फार मोठे काम केले. पॅरिसमध्ये प्येर गासांदी याने ७ नोव्हेंबर १६३१ रोजी बुधाचे अधिक्रमण, म्हणजे बुधाचा ठिपका सूर्यबिंबावरून सरकत जाणे, कागदावरच पाहिले, आणि १६३९ मध्ये इंग्लंडमधील तरुण जेरेमाया हॉरॉक्स याने शुक्राचे अधिक्रमण सहा इंच व्यासाच्या वर्तुळात उतरवले. तथापि कागदाची मर्यादाही स्पष्ट होती : खोली अंधारी असावी लागे, कागदाच्या पोतात बारीक तपशील हरवत, आणि डागाच्या काळ्या गाभ्याची रचना पाहायची तर डोळा नेत्रिकेला लावणे अपरिहार्य होते. त्यामुळे काजळी धरलेली काच आणि रंगीत काच यांचा वापर वेधशाळांत चालूच राहिला. रॉबर्ट हूकने १६७६ मध्ये छापलेल्या पुस्तिकेत एक वेगळाच मार्ग मांडला, तो असा की, पारा न लावलेल्या काचेवरून प्रकाशाचा अगदी लहान अंशच परत फिरतो, तेव्हा सूर्यकिरण अशा काचांवरून लागोपाठ परावर्तित करत नेले तर शेवटी डोळ्याला सोसेल एवढाच प्रकाश उरेल. शोषणाऐवजी परावर्तनाचा हा विचार त्याच्या काळात फारसा वापरात आला नाही, पण तो वाया गेला नाही.

या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वळण १८०० मध्ये आले, आणि ते एका फिल्टरच्या तक्रारीतून आले. विल्यम हर्शेल मोठ्या आरशांच्या दुर्बिणींतून सूर्य पाहण्यासाठी निरनिराळ्या रंगांच्या काचांच्या जोड्या करून पाहत होता, तेव्हा त्याला जाणवले की काही काचांतून प्रकाश फार थोडा येत असूनही डोळ्याला उष्णता तीव्रतेने लागते, तर काहींतून प्रकाश भरपूर येतो आणि उष्णता जवळपास जाणवत नाही. प्रकाश आणि उष्णता एकाच प्रमाणात अडत नाहीत, मग रंगांत उष्णता कशी विभागलेली आहे, हे तपासण्यासाठी त्याने लोलकाने सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडला आणि त्याच्या एकेका रंगात उष्णतामापक ठेवले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्याला काहीच दिसत नाही तेथेही पारा चढला, आणि अशा रीतीने अवरक्त किरणांचा शोध लागला. पुढच्या वर्षी त्याने काचेऐवजी द्रवांचे फिल्टर वापरून पाहिले. शाई मिसळून गाळलेल्या पाण्यातून त्याला सूर्य पांढराशुभ्र दिसला. सौरनिरीक्षणाच्या सुरक्षिततेचा मूळ नियम या प्रयोगमालिकेतच प्रथम सिद्ध झाला : काच काळी दिसते यावरून ती सुरक्षित आहे असे ठरत नाही, कारण डोळ्याला न दिसणारा अवरक्त भाग तिच्यातून मोकळेपणाने येत असू शकतो. महाराष्ट्रातील घराघरांत ग्रहणाच्या दिवशी दिव्यावर धरून काळी केलेली काच, क्ष-किरणांच्या जुन्या फिल्म किंवा रंगीत छायाचित्रांच्या निगेटिव्ह वापरल्या जात, आणि त्यांचा दोष नेमका हाच होता; काजळीचा थर असमान असतो, आणि रंगीत निगेटिव्हमध्ये चांदी उरत नसल्यामुळे ती अवरक्त किरण अडवत नाही.

विल्यमचा मुलगा जॉन हर्शेल याने हूकच्या मूळ कल्पनेला सोपे रूप दिले. पाचरीच्या आकाराची, चांदी न चढवलेली काच नेत्रिकेच्या अलीकडे तिरकी बसवली की तिच्या पुढच्या पृष्ठावरून सुमारे चार ते पाच टक्केच प्रकाश डोळ्याकडे वळतो आणि उरलेला, उष्णतेसकट, काचेतून आरपार बाहेर जातो. पाचरीच्या तिरकस आकारामुळे मागच्या पृष्ठावरचे दुसरे प्रतिबिंब वाटेबाहेर पडते. ‘हर्शेल वेज’ या नावाने हे उपकरण आजही वापरले जाते, मात्र चार टक्केही डोळ्याला असह्य असल्याने त्याच्यापुढे आणखी गडद फिल्टर अनिवार्य असतो. विल्यम रटर डॉज या इंग्रज निरीक्षकाने बिंब पडते त्या जागी अगदी बारीक छिद्रांची चकती बसवून सूर्याचा इवलासा तुकडाच नेत्रिकेत घेण्याची व्यवस्था केली आणि डागांच्या अंतर्भागाचा बारकाईने अभ्यास केला. या सगळ्या साधनांत प्रकाश प्रथम नळीत पूर्ण शिरतो आणि नंतर अडवला जातो, ही त्रुटी मात्र कायम होती. ती ओळखून लेओं फूको याने १८६६ मध्ये वस्तुभिंगाच्या बाहेरच्या पृष्ठावरच चांदीचा अतिशय पातळ थर चढवण्याचे सुचवले, ज्यामुळे बहुतेक प्रकाश आणि उष्णता दुर्बिणीत शिरण्याआधीच आकाशाकडे परत जाते आणि निळसर, थंड असे बिंब आत उमटते. चांदी हवेत काळवंडते आणि चांदी चढवलेले भिंग रात्री निरुपयोगी ठरते, म्हणून ही पद्धत तेव्हा रुळली नाही. पण दुर्बिणीच्या तोंडावर बसवायच्या आजच्या सौर फिल्टरचे तत्त्व फूकोचेच आहे, आणि त्याला याचे श्रेय फार कमी वेळा दिले जाते.

एकोणिसाव्या शतकातील सूर्यवेधाचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. देसाउ या जर्मन गावातील औषधविक्रेता हाइनरिख श्वाबे याने १८२६ पासून नित्यनेमाने डाग मोजले आणि १८४३ मध्ये त्यांच्या संख्येत सुमारे दहा वर्षांचे चक्र असल्याचे जाहीर केले. त्या कामाने प्रेरित झालेला रिचर्ड कॅरिंग्टन १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमधील रेडहिल येथील आपल्या वेधशाळेत सूर्याचे बिंब फिकट पिवळसर रंग दिलेल्या काचेवर पाडून डाग रेखाटत असताना एका डागसमूहावर दोन शुभ्र ठिणग्या चमकल्या. वस्तुभिंगाभोवती लावलेल्या आडपडद्याला छिद्र पडून ऊन आत आले असावे, अशी त्याची पहिली शंका होती. ती फोल ठरताच आपण सूर्यावरचीच घटना पाहत आहोत हे त्याने ओळखले. जवळपास पाच मिनिटांत ती मावळली. सूर्यावरील उद्रेकाची ही पहिली नोंद होय, आणि रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या इंग्रज निरीक्षकानेही तीच घटना स्वतंत्रपणे पाहिली. सुमारे साडेसतरा तासांनंतर पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आले. त्या वेळी कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय बलाची नियमित मोजणी चालू होती, आणि तेथील नोंदींत आडव्या दिशेतील बल सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरल्याचे दिसते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह या जुन्या कुलाबा नोंदींचे विश्लेषण केले, आणि त्या वादळाची तीव्रता जगाला आकड्यांत सांगणारा मुख्य पुरावा म्हणून त्या आज मान्यता पावल्या आहेत. रंगवलेल्या काचेवर सुरक्षितपणे पाडलेले रेडहिलचे बिंब आणि कुलाब्याची चुंबकसूची हे दोन पुरावे एकमेकांना पूरक ठरले.

काचेचा फिल्टर एकच रंग निवडत नाही, तो प्रकाश एकंदरीत मंद करतो. निवडक रंग तेवढा घेऊन बाकीचे टाकून देणारा फिल्टर ही त्यापुढची पायरी, आणि तिची सुरुवात १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात भारतीय भूमीवर झाली. गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ प्येर जान्सेन याने वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाशाचे घटक रंग वेगळे करून दाखवणारे उपकरण, सूर्याच्या कडेबाहेर उफाळलेल्या तांबूस ज्वालांवर रोखले, आणि त्यांच्या तेजस्वी रेषा पाहून दुसऱ्याच दिवशी ग्रहण नसतानाही त्याने त्या पुन्हा शोधून दाखवल्या. वर्णपटदर्शकात आकाशाचा विखुरलेला प्रकाश सर्व रंगांत पसरून मंद होतो, तर ज्वालेचा प्रकाश मोजक्याच रेषांत साठलेला असल्याने ठळक राहतो, हे त्यामागचे कारण. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर याने २० ऑक्टोबर १८६८ रोजी स्वतंत्रपणे हेच साधले. त्याच ग्रहणाचा वेध पटवर्धन संस्थानिकांच्या जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल याने घेतला. तो विल्यमचा नातू, म्हणजे त्याच नावाच्या जॉन हर्शेलचा मुलगा. सौर फिल्टरच्या इतिहासातील एका घराण्याच्या तीन पिढ्या अशा रीतीने दक्षिण महाराष्ट्राच्या जुन्या मुलखापर्यंत येऊन पोहोचतात.

येथे एका प्रचलित समजुतीचा विचार करणे आवश्यक आहे. लॉकियरने १८६८ मध्ये विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला असे कोकणात अभिमानाने सांगितले जाते आणि तेथील चौथरा ‘साहेबाचा ओटा’ म्हणून दाखवला जातो. १८६८ मध्ये लॉकियर भारतात नव्हता. तो विजयदुर्गावर आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, आणि तेव्हा ‘मेल्पोमिनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील खलाशांनी त्याला वेधकामात साहाय्य केले. विजयदुर्गाचे खरे महत्त्व या दुसऱ्या तारखेला आहे आणि ते कमी नाही. त्याच ग्रहणात सोलापूरच्या बाजूस जेऊर येथे अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांच्याबरोबरच पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही आपला तळ टाकला होता. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभारलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे ते प्रमुख होते. ती १९१२ मध्ये बंद झाल्यावर तिची २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्याच्या विज्ञानेतिहासात या वेधशाळेचे स्मरण असावे तेवढे ठेवले गेलेले नाही.

कोडाईकनाल येथील सौर वेधशाळा १८९९ मध्ये सुरू झाली. जॉर्ज एलरी हेल आणि आंरी देलांद्र यांनी १८९० च्या दशकाच्या आरंभी घडवलेल्या वर्णपट-सूर्यचित्रकाने, म्हणजे एकाच रंगरेषेच्या प्रकाशात संपूर्ण सूर्यबिंबाचे छायाचित्र घेणाऱ्या यंत्राने, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून तेथे चित्रे घेतली जाऊ लागली. हेच काम प्रत्यक्ष डोळ्याने करू देणारा अरुंद पट्ट्याचा फिल्टर १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये बेर्नार लिओ याने बनवला. क्वार्ट्झसारख्या स्फटिकांच्या आणि ध्रुवकांच्या थरांतून नेमकी एकच तरंगलांबी पार होते, आणि तापमान किंचित बदलले तरी ती सरकते, म्हणून तो स्थिर तापमानात ठेवावा लागतो. हौशी निरीक्षकांच्या वाट्याला आलेले हायड्रोजन-अल्फा फिल्टर वेगळ्या मार्गाचे आहेत. शार्ल फाब्री आणि आल्फ्रेद पेरो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलेल्या, दोन समांतर अर्धपारदर्शक काचांच्या योजनेवर ते आधारलेले असून ६५६.३ नॅनोमीटरच्या तांबड्या रेषेभोवतीचा अत्यंत अरुंद पट्टा तेवढा येऊ देतात. त्यातून दीप्तिगोलाच्या, म्हणजे सूर्याच्या नेहमी दिसणाऱ्या पृष्ठभागाच्या, वरचा वर्णगोल नावाचा थर आणि त्यातील ज्वाला रोज पाहता येतात. २००४ च्या सुमारास ४० मिलिमीटर मुखाच्या तयार सौर दुर्बिणी तुलनेने स्वस्तात मिळू लागल्यावर पूर्वी वेधशाळेपुरते असलेले हे दृश्य आकाशप्रेमी मंडळांच्या शिबिरांपर्यंत आले.

साध्या दुर्बिणींच्या बाबतीत मात्र विसावे शतक बराच काळ मागेच रेंगाळले. लहान दुर्बिणींसोबत नेत्रिकेवर फिरवून बसवायची गडद हिरवी किंवा काळी काच मिळत असे. ती बसते त्या जागी वस्तुभिंगाने गोळा केलेली सारी उष्णता एकवटलेली असते, त्यामुळे ती अचानक तडकते आणि डोळा हटवण्याआधीच पूर्ण तेज दृष्टिपटलावर पडते. अशी काच जुन्या पेटीत सापडल्यास ती फोडून टाकावी, हाच एकमेव शहाणा सल्ला आहे. या धोक्यावरचा उपाय फूकोच्या मार्गाने आला : धातूचा थर दिलेली काच किंवा पॉलिएस्टरसारख्या पातळ पटलावर ॲल्युमिनियम चढवलेला पडदा वस्तुभिंगाच्या पुढे, नळीच्या तोंडावर बसवणे. दृश्य निरीक्षणासाठीच्या पडद्याची प्रकाशीय घनता ५ असते, म्हणजे तो एक लाखातला एकच भाग प्रकाश आत सोडतो, ३.८ घनतेचा पडदा केवळ छायाचित्रणासाठी असून तो डोळ्यासाठी वापरायचा नसतो. धातूचा थर अवरक्त किरणही परतवत असल्याने विल्यम हर्शेलला पडलेला प्रश्न येथे सुटतो.

१६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास ग्रहणाची पट्टी कर्नाटकच्या किनाऱ्यावरून हैदराबादच्या बाजूने ओडिशाकडे गेली, आणि महाराष्ट्रात ते खंडग्रास असूनही ग्रहणाच्या भीतीने भर दुपारी शहरांचे रस्ते ओस पडले होते. भीतीचा हा पगडा कमी करण्यात पुण्यात १९४४ मध्ये स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्थांचा आणि पुढे १९९५ व १९९९ च्या ग्रहणांच्या निमित्ताने गावोगाव सौरचष्मे वाटणाऱ्या, पडद्यावर बिंब दाखवणाऱ्या कार्यकर्त्यांचा वाटा मोठा आहे. या कामाची नोंद ग्रंथांत फारशी नाही, परंतु २००४ आणि २०१२ ची शुक्राची अधिक्रमणे शाळांच्या मैदानांवर पाहणारी पिढी त्यातूनच घडली.

२ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. पावसाळी ढगांतून सूर्य मिळालाच तर दुर्बिणीच्या तोंडावर प्रमाणित पडदा वाऱ्याने उडणार नाही असा घट्ट बांधावा, दर वापराआधी तो उजेडापुढे धरून टाचणीएवढे छिद्रही नाही ना हे पाहावे, आणि मुख्य नळीवर बसवलेल्या लहान शोधक दुर्बिणीवर झाकण ठेवावे, कारण तिच्यातूनही तेवढीच इजा होते. ग्रहणाचा चष्मा डोळ्यावर घालून दुर्बिणीला डोळा लावणे हा सर्वांत वाईट प्रकार असून, तो चष्मा एकवटलेल्या उष्णतेने क्षणात जळतो. दुर्बीण सूर्याकडे रोखलेली असताना ती लहान मुलांजवळ एकटी सोडू नये, आणि पडदा हाती नसेल तर कास्तेल्लीचा पांढरा कागद वापरावा.